रुमालाचं तिकीट

अण्णा, काल मी एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुमच्या कपाळावर आठी पडली तरी ती एकाच कारणाची असेल. कळंबच्या स्टँडवर, भर सकाळी, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या तुमच्या मुलीनं टाचा उंचावून लाल गाडीत रुमाल फेकला आणि आतल्या माणसाला वर "ती सीट माझी हाय बरं का" असंही ओरडून सांगितलं. जिल्ह्याच्या मुलींनी खो-खोची राज्य स्पर्धा जिंकली, काल दुपारी धाराशिवात त्यांची मिरवणूक होती आणि मला ती बघायचीच होती. तुम्ही कंडक्टर होतात तेव्हा गाडीच्या पाटीवर त्या गावाचं जुनं नाव असायचं, आता धाराशिव लिहितात. बाकी स्टँड तोच आहे. गर्दी मात्र तुम्ही पाहिली नाही अशी. बायकांना आता अर्धं तिकीट आहे, त्यात लग्नसराई, त्यात मिरवणूक. पहिली गाडी मी तत्त्वानं सोडली, कारण रांग कुणीच लावली नव्हती. दुसरी तत्त्वानंच सुटली. तिसऱ्या गाडीला मी रुमाल टाकला.

धक्के खात, कुणाच्या तरी पिशवीतल्या मेथीच्या जुडीत तोंड घालत आत पोचले, तर माझ्या रुमालावर एक चप्पल. वहाण म्हणा, जाड तळव्याची, डाव्या पायाची. आणि तिच्या शेजारी माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी एक बाई, नऊवारी नेसलेली, उजव्या पायात चप्पल आणि डावा पाय उघडा. मी माझ्या शाळेतल्या आवाजात म्हणाले, "मावशी, ही काय रीत झाली? चप्पल टाकली म्हणून जागा तुमची झाली का?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग रुमाल टाकला म्हून तुमची कशी झाली, बाई? माज्याकडं रुमाल न्हाय, म्या चप्पल टाकली." सगळी गाडी हसली. मागून कुणीतरी म्हणालं, "आज्जीचं बराबर हाय. चप्पल रुमालापरीस म्हाग असती." तीस वर्षं वर्गात उत्तरं मीच देत आले, अण्णा, पण काल कानात तुमचाच आवाज आला. मी रुमाल उचलला, झटकला आणि दांडीला धरून उभी राहिले.

त्या वेळी मी नववीत आहे. शाळेच्या खो-खो संघाला जिल्ह्याच्या सामन्याला जायचंय आणि गाडी नेमकी तुमची आहे. मैत्रिणींना मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलंय, आमचे अण्णा कंडक्टर आहेत, जागेची काळजी नको. गाडी लागताच मी खिडकीतून माझं दप्तर, माझा रुमाल, माझ्या दोन्ही रिबिनी टाकते. चार सीटा धरते. आम्ही ऐटीत बसतो. तुम्ही पुढून तिकिटं फाडत येता, खांद्याला चामडी पिशवी, कानामागं पेन्सिल. माझ्यापाशी थांबता. "हे कुणाचं?" मी म्हणते, माझं. "रुमालाचं तिकीट काढलंय का कुणी? रिबिनीचं? न्हाय ना? मग ऊठ." एक म्हातारा मध्ये पडतो, "असू द्या की कंडक्टर, तुमचीच पोर हाय." तुम्ही म्हणता, "म्हून तर आधी तिला उठवतोय." आणि रांगेत मागं राहिलेल्या एका लेकुरवाळीला तुम्ही माझ्या जागेवर बसवता. कळंबपासून थेट उस्मानाबादपर्यंत मी उभी. डोळ्यांतलं पाणी खाली पडू नये म्हणून मी छताकडं बघत होते.

काल येडशीपर्यंत माझे पाय भरून आले. त्या आजीनं माझा पदर ओढला. "या, टेका थोडं. जागा कुणाच्या बापाची न्हाय." मी टेकले. मग कळलं की तिची नात त्याच संघात आहे. गोठ्यातली जनावरं शेजारणीवर सोडून, घरात कुणाला न सांगता ती निघाली होती. "लेक म्हनला, टीव्हीवर दिसंल की. टीव्हीवर दिसंल, पर म्या तिला कशी दिसंल?" हे ऐकल्यावर मिरवणूक गाठणं हे माझ्या एकटीचं काम राहिलं नाही. मी घड्याळ बघू लागले. आणि धाराशिव दिसू लागल्यावर गाडी थांबली ती थांबलीच. कंडक्टर मुलगी होती, तुमच्यासारखीच खाकीतली, हातात तिकिटाचं यंत्र. ती म्हणाली, "पुढं मिरवणूक हाय, मावशी. ती सरल्याबिगर गाडी हलत न्हाय." म्हणजे आम्ही जिच्यासाठी निघालो तिनंच आम्हाला अडवलं. आम्ही दोघी उतरलो आणि चालू लागलो. कुणीतरी घाईत तिच्या चपलेचा अंगठा तोडला होता. मी माझ्या त्याच वादग्रस्त रुमालानं तो बांधून दिला.

चौकात माणसांची भिंत. हलगी, गुलाल, मोबाईल वर धरलेले हात. आजी पाठीमागून उड्या मारायला लागली, तर तिला लोकांच्या टोप्याच दिसत. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते माझं नव्हतं. "पुढं सरका! पुढं सरका! मधी रिकामं हाय!" एवढ्या चढ्या, सपाट, सवयीच्या आवाजात, की माणसं खरंच सरकली. मराठवाड्यातला माणूस दुसरं काही ऐकणार नाही, पण कंडक्टरचं ऐकतो. आम्ही दोरीपाशी पोचलो आणि ट्रॅक्टर समोर आला. ट्रॉलीत बारा-पंधरा मुली, गुलालानं ओळखू न येणाऱ्या. आजीनं हाक मारली ती वाद्यांच्याही वर गेली. एक मुलगी वळली, डोळे पुसून बघू लागली आणि तिथूनच ओरडली, "आज्जे! तू कशी आलीस? म्हशीची धार कोन काढतंय?" आजी मला म्हणाली, "बगा! एवढी जिंकून आली, अन् म्हशीचंच इचारती." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. ट्रॅक्टर पुढं गेला. सगळं मिळून दोन मिनिटं असतील.

आमची मिरवणूक निघाली नव्हती. सामना जिंकून, गुडघे सोलून, ढाल घेऊन आम्ही संध्याकाळी परत तुमच्याच गाडीत चढलो. मी मुद्दाम अगदी मागं उभी राहिले. तुम्ही मला नाही, कप्तान मुलीला विचारलंत, "निकाल?" ती म्हणाली, "जिंकलो, काका." तुम्ही मान हलवलीत आणि पुढं गेलात. येरमाळ्याला उतरलात, पुडा घेऊन आलात आणि तिकीट द्यावं तसा एकेकाच्या हातावर एकेक पेढा ठेवत आलात. लोक विचारत, "कंडक्टर, कशाचा पेढा?" तुम्ही म्हणत होता, "घ्या. पुढं सरका." माझ्यापाशी आलात तेव्हा मी हात मागं घेतला. मला नको म्हणाले. सगळ्यांदेखत. कोऱ्या कागदात पेढा गुंडाळून माझ्या दप्तरावर ठेवलात. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारलंत, "पेढा?" मी म्हणाले, कुत्र्याला घातला. तुम्ही भाकरी मोडत राहिलात. त्यानंतर तो विषय आपल्यात कधी निघाला नाही, तुम्ही गेलात तोपर्यंत.

काल परतताना स्टँडमागच्या दुकानातून मी पेढे घेतले. गाडी पुन्हा खचाखच. आजीला मी पुढच्या बाजूला बसवलं, रांगेनं चढवून, रुमालाशिवाय. मी उभी. येडशी सोडल्यावर पुडा उघडला आणि वाटत मागं निघाले. एका पोरसवद्या बाईनं विचारलं, "कशाचा पेढा, मावशी? नातू झाला का?" मी म्हणाले, "घ्या. पुढं सरका." आजीनं दोन घेतले, एक नातीचा म्हणून. शेवटी एक उरला तो मी दांडीला धरून, उभ्यानंच खाल्ला. खव्याची चव बदललेली नाही.

हे वहीतच राहणार आहे, म्हणून लिहून टाकते. तो पेढा मी कुत्र्याला घातला नव्हता, अण्णा. सकाळी शाळेच्या भिंतीमागं उभी राहून मी तो खाल्ला. आणि कागदसुद्धा चाटला.