तुझा हात वलांडीला लागला की

आये, तुला अक्षर येत नव्हतं आणि मला जेमतेम येतं, म्हणजे हे पत्र कुणाच्या कामाचं ते देव जाणे. तरी लिहिते. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

तुझं मासळी सुकवायचं खळं अजून तिथंच आहे, सुरूच्या झाडांच्या अलीकडे. काशीदला आलेले पाहुणे नाक दाबून तिथून जातात आणि संध्याकाळी लॉजवर तेच बोंबील तळून मागतात. वलांड्याही तशाच, बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, आणि दोरीवर बोंबलांच्या जोड्या, जबड्यात जबडा अडकवून. तू उलट्या टोपलीवर बसून कावळे हाकायचीस आणि सावली सरकेल तशी टोपली सरकवायचीस. खळ्यात पावसाचं नाव काढायचं नाही, हा तुझा नियम. मी लहानपणी एकदा नुसतं म्हटलं, पाऊस येतोय वाटतं, तर पाठीत असा धपाटा घातलास की अजून आठवतो. तोंडानं बोलावू नये म्हणे. तू स्वतः कधी बोलायची नाहीस. आभाळ फिरतंय असं दिसलं की उठायचीस, पदर खोचायचीस आणि आपल्या जोड्या काढायला लागायचीस. तुझा हात वलांडीला लागला की सगळ्या बाया आपापल्या वलांडीकडे धावायच्या. कुणी काही विचारायचं नाही.

मग ती दिवाळीनंतरची गोष्ट. तू उठलीस म्हणून सगळ्या उठल्या. अर्धे ओले बोंबील हाऱ्या-टोपल्यांत भरून ताडपत्रीखाली ढीग घातला, आणि ढग नुसते डोक्यावर बसून राहिले. थेंब नाही. ताडपत्री काढायचा कुणाला धीर होईना, आणि ढिगाला घाम सुटला, वास फिरला, अळी पडली. कच्चा बोंबील ढिगात कोंडला तर भिजल्यापेक्षा वाईट, हे खळ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "वयनी, तुझं डोळं गेलं. आता आमच्या पोटावर नको बसू." पुढं काही दिवसांनीच समुद्रावर खरंच काळं झालं. मी तुझ्या शेजारी बसलेली. तुला दिसलंय हे मला दिसत होतं, पण तुझे हात मांडीवर तसेच. थेंब अंगावर पडले तेव्हा उठलीस. तोवर सगळ्या खळ्याचं गेलं होतं. त्यानंतर तू टोपलीवर बसलीच नाहीस. दिसत होतं तर उठली का नाहीस, हा राग मी तू गेलीस तरी सोडला नाही.

आता तुझ्या जागी कोण बसलंय सांगू? उपग्रह. माझी धाकटी अलिबागला कॉलेजात जाते, तिनं फोनवर दाखवलं. तो वर, फार लांब, आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो. बसलेला म्हणजे फिरतोच, पण पृथ्वी फिरते त्याच चालीनं, म्हणून जागचा हलला असं वाटत नाही. मी म्हटलं, म्हणजे सावलीबरोबर टोपली सरकवावी तसं. ती म्हणाली, तसंच समज. पूर्वी फोटो यायला उशीर व्हायचा, ढग फोनात दिसेस्तोवर इकडे डोक्यावर. आता लवकर लवकर येतात, आणि पुढचे नवे उपग्रह तर ढगात चमकलेली वीजसुद्धा टिपणार म्हणे. होडीवाल्यांना त्याचं मोल जास्त. मागच्या वादळात असाच इशारा आला म्हणून तुझ्या लेकानं, माझ्या भावानं, होडी मुरुडला बांधून ठेवली, आणि दिवसभर घरात बसून माझ्याशी भांडला. भांडू दे. घरात होता ना.

फोन माझ्याकडे, म्हणून बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी काय तुझ्यासारखी गप्प राहते? सरळ ओरडते, काढा गं. यंदा तशीच ओरडले. फोटोत ढग नीट आपल्यावर चालून येत होता आणि ऐन वेळी मुरुडच्या अंगाला वळला. बोंबील रात्रभर ढिगात राहिले, सकाळी वास. काकीची सून म्हणाली, "मोबाईलवाली बाय, तुझ्या फोनवर पडला असंल पाऊस." सगळ्या हसल्या. घरी येऊन मी पोरीवर आग पाखडली. ती म्हणते, "आई, तो ढग दाखवतो. कुणाच्या वलांडीवर पडंल, ते एवढं नेमकं न्हाय कळत." मग आधी सांगायचं ना.

आणि आता परवा. ऊन लख्ख पडलेलं, वारा चांगला, आणि फोनात पांढरा गोळा. नवा फोटो आला की तो आणखी जवळ. आये, मी हललेच नाही. हात मांडीवर. तोंडातून शब्द फुटेना, माझ्या तोंडातून. समोर काकीची सून जोड्या अडकवत होती आणि मी तिच्याकडेच बघत होते. तेव्हा कळलं. त्या दिवशी तूही आभाळाकडे बघत नव्हतीस, काकीकडे बघत होतीस.

मग उठले. ओरडले नाही. ओढणी खोचली आणि वलांडीला हात घातला. सून म्हणाली, "परत?"

"व्हय, परत. तुझं तू बघ."

ती पुटपुटत राहिली, मग हारा ओढलाच तिनं. तिच्यामागून बाकीच्या. सगळं ताडपत्रीखाली घालून आम्ही ओळीनं बसलो. ताडपत्रीवर ऊन तळपतंय. बसून बसून पाय आखडले तेव्हा समुद्राची रेघ पुसली गेली आणि सर आली, चांगली जोरात. ती ओसरून वारा सुटल्यावर जोड्या परत दोरीवर चढल्या. सुनेनं थर्मासमधला चहा माझ्यापुढे धरला. चांगलं एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, फोन चार्ज करून ठेवत जा.

आता बाया विचारतात, आला नसता तर? मी म्हणते, नसता आला तर नसता, शिव्या खाल्ल्या असत्या, मी काय घाबरते. खोटं आहे ते. ताडपत्रीकडे बघत बसले होते तेव्हा ओढणीआड हात जोडून मी देवीकडे पाऊस मागत होते. खळ्यात बसून, सुकत्या मासळीसमोर, तुझी लेक. तोंडानं नाही, मनात. तरी तुझा एक धपाटा माझ्याकडे निघतो.