तेलाची पावती नसते

तुरिन

प्रिय आई,

आधी तुझ्या दोन्ही हातांचा मुका घेतो. मी बरा आहे, वेळेवर जेवतो, दुकानही उघडलंय.

मी निर्दोष सुटलो, आणि निकालात न्यायाधीशांनी “पुरावा नाही” असं लिहिलं नाही. लिहिलं, “असं काही घडलंच नाही.” म्हणजे चोरीचं चीज माझ्या दुकानात कधी नव्हतंच. आणि असं सुटलेल्याला वकिलाची फी सरकार परत देतं! हप्त्याहप्त्याने, पण देतं. ज्या सरकारने मला कोर्टात खेटे घालायला लावले, त्याचेच आज आभार मानतोय बघ.

फक्त बँकेतून भरलेलीच फी मिळते. तू माझ्या वकीलबाईंना, आबातेबाईंना, पाठवलेले तेलाचे डबे त्यात धरत नाहीत. मी म्हटलं, “बाई, तेलाचंही बिल जोडा की!”

“जोडते,” त्या म्हणाल्या. “पण सरकारने नमुना मागितला तर? आम्ही ते कधीच फस्त केलं! आईंना सांगा, फी मिळाली तेव्हा मिळाली, तुमची केस मी त्या तेलावर लढले.”

तेव्हा माझ्या खटल्याच्या खर्चासाठी विकायला काढलेली ऑलिव्हची बाग आता विकायची नाही. साव्हेरिओकाकांचा विसार आजच परत कर.

चर्चमध्ये बायका आता तुझ्याशेजारी बसतात ना? दारावरची बेल वाजली की मी अजून चीजच्या पावत्या हातात घेऊनच दार उघडतो. जाईल तेही.

नोव्हेंबरात तोडणीला येतो, शिड्या काढून ठेव. वकीलबाई म्हणतात, यंदा तेल पैसे देऊनच घेणार. मी म्हटलं, ते तुम्ही आईशी बोला, मला एक खटला पुरे झाला.

तुझाच,
डोनातो