योगीराज जेवत नाही

२९ जुलै, नागपंचमी
योगीराज म्हणजे माझा अजगर. परदेशी, छोट्या जातीचा, रीतसर सरकारी नोंद केलेला. कळंबमध्ये दुसऱ्या कुणाकडं नाही. आज गल्लीतल्या बायका दर्शनाला आल्या. साप दूध पीत नाही, हे सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि दूध ठेवलं. त्याला गळ्यात घालून प्रत्येकीबरोबर फोटो दिला. अजिबात कंटाळला नाही. संध्याकाळी उंदीर दिला, शिवला नाही. दमला असेल. उद्या खाईल.

३१ जुलै
नाही खाल्ला. काळजीचं कारण नाही. आग्रहात मला तालुक्यात तोड नाही. पंगतीत मी वाढायला असलो की शुगरवाले आण्णासाहेब मामासुद्धा चौथी जिलबी घेऊन उठतात. हा तर साप.

५ ऑगस्ट
पुण्याहून मागवलेला, फ्रीजमध्ये गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात सोडला, बायकोच्या, म्हणजे महेश्वरीच्या, हेअर ड्रायरनं गरम केला, चिमट्यानं नाकापुढं धरला. सात वाजता, नऊ वाजता, जेवणाच्या सुट्टीत दोनदा, आडतीवरून आल्यावर पुन्हा. श्रावणात फ्रीजमध्ये उंदीर म्हणून आई बोलत नाही. बायको म्हणाली, ड्रायर आता तुम्हालाच ठेवा.

११ ऑगस्ट, सकाळी ७
संकल्प. योगीराज खाईपर्यंत माझा चहा बंद.

सकाळी ११.१५
आडतीवर शेजारच्या गाळ्यातल्या शरणप्पांनी अर्धा कप पुढं केला. अर्धा कप म्हणजे चहा नव्हे.

१९ ऑगस्ट
आडतीतल्या बियाण्याच्या काट्यावर योगीराजचं वजन केलं. १४१० ग्रॅमचे १२६० झाले. काटा बिघडला असणार. तीनदा केलं. काटा बरोबर आहे. उचलला तेव्हा मनगटावर नुसता लोंबत होता. मला भीती वाटतेय.

२४ ऑगस्ट
एकट्याला जेवण जात नसेल, म्हणून माझं ताट त्याच्या काचेच्या पेटीपुढं घेतलं. म्हणालो, घे राजा, माझ्यासाठी एक. तो पेटीतल्या पालथ्या कुंडीखाली गेला. मी कुंडी उचलली. बघत राहिला माझ्याकडं. ओळखतो मला. आई ऊद घेऊन त्याची दृष्ट काढायला आली. म्हणाली, लेकरू लई वाळलं गं बाई. तिला बाहेर काढलं. त्याला त्रास दिलेला मला चालत नाही.

३० ऑगस्ट
१२१०. रडलो. महेश्वरीनं विचारलं तर म्हणालो, कांदा चिरत होतो. चातुर्मासात आमच्या घरात कांदा नसतो.

२ सप्टेंबर
सोलापूरला प्राण्यांच्या डॉक्टरांकडं नेला. तासभर तपासून म्हणाले, सापाला काही झालेलं नाही. मग माझ्याकडं वळले. दिवसातून किती वेळा देता? खरा आकडा सांगितला, निम्मा करून. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हात लावू नका, काचेवर चादर टाका, आठ दिवस त्याच्याकडं बघू नका. नंतर उंदीर दुसऱ्या कुणीतरी ठेवावा आणि दार लावून घ्यावं. डॉक्टर तरुण आहेत. त्यांना सापांचं कळतं, योगीराजचं नाही. तरी करून बघू.

६ सप्टेंबर
चादर टाकली आहे. फक्त कोपरा उचलून पाहतो. आज चार वेळाच. खोलीची किल्ली महेश्वरीनं काढून घेतली.

११ सप्टेंबर
महेश्वरीनं नाकाला पदर लावून उंदीर आत ठेवला, दार ओढलं आणि कणीक मळायला गेली. कणीक मळून व्हायच्या आत खाल्ला. ती फक्त खाल्ला म्हणाली आणि हात धुवायला गेली. मी आनंदानं आईच्या पाया पडलो. अर्थात माझ्या चव्वेचाळीस दिवसांच्या मेहनतीनं तो तयारच झाला होता. तिचा फक्त शेवटचा हात लागला. पुढचा घास माझ्या हातचा.

१८ सप्टेंबर
हट्टानं मीच आत गेलो. चिमटा पुढं केला. योगीराजनं तोंड फिरवलं. आणखी थोडा पुढं केला. तो कुंडीखाली गेला. महेश्वरीनं मला दंडाला धरून बाहेर आणलं, तोच उंदीर तिथंच ठेवला, दार लावलं. मी दाराला कान लावून उभा. स्वयंपाकघरातून ती म्हणाली, सरका हो तिथनं, दाराखालनं तुमची सावली आत पडतीय.
सरकलो.