गिरधरच्या कॉलेजचे बारा दगड

३० ऑक्टोबर १९३८, रविवार

आजपासून रोजनिशी लिहिणार. कोणाला दाखवायची नाही.

नातू गिरधर पुण्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीला घरी आला तो हिवतापाने अंथरुणावर पडला. कॉलेजात भूगर्भशास्त्र म्हणून विषय आहे. त्याचं एक काम मिळालंय. आपापल्या गावचे बारा निरनिराळे दगड गोळा करायचे, नंबर घालायचे, कुठला दगड कसा झाला ते लिहायचं. नाताळची सुटी संपून कॉलेज उघडेल त्या दिवशी सगळं प्रोफेसरच्या टेबलावर पाहिजे. नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

माझा मुलगा सुकलाल, म्हणजे गिरधरचा बाप, जेवताना म्हणाला, परीक्षा चुकनी ते पुन्हा पुन्याले जावानं नही, आठे कपाशी येचाले मानसे मियत नहीत.

गिरधर रडवेला झाला. मी म्हणालो, तू तापावरचं कोयनेल घे. दगड माझ्याकडे लागले.

मी मराठी चौथीपर्यंत शिकलो आहे. पुढेही शिकलो असतो, पण आमचा गुराखी पळाला आणि बापाने मला गुरांमागे लावलं. नाही तर आज मामलेदार असतो. काम सोपं आहे. आठ दिवसांत उरकेल.

१ नोव्हेंबर, मंगळवार

गिरधर म्हणतो, आबा, हे काम ज्याचं त्याने एकट्याने करायचं असतं. मी म्हणालो, एकट्यानेच करणार आहे, कोणाची मदत घेणार नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं. समाधान झालं असावं.

३ नोव्हेंबर, गुरुवार

पिशवी घेऊन दिवसभर हिंडलो. दगड नाही.

हे आधी लक्षात यायला हवं होतं. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याहून दोन कोसांवर. वर काळी माती, खाली पिवळी, तिच्याखाली परत मातीच. आमची विहीर तळापर्यंत मातीची. बैलाच्या खुरात खडा रुतला तर लोक बघायला येतात. या जमिनीचा जन्मभर अभिमान होता. आज राग आला.

घरी आलो तर म्हातारी, म्हणजे आमचं कुटुंब, म्हणाली, दगडं घरमा आनानी नहीत, एक शे तेवढा पुरे. आणि लोणच्याच्या बरणीवरच्या दगडाकडे बोट केलं. तो तिच्या माहेरचा. झाकणावर ठेवते, मांजर येऊ नये म्हणून. मी म्हणालो, तो घरगुती दगड आहे, शास्त्रात बसत नाही.

१० नोव्हेंबर, गुरुवार

गिरधर पुण्याला गेला. पाय अजून लटपटतात. जाताना मला एक जाड इंग्रजी पुस्तक देऊन गेला, चित्रं बघा म्हणाला. बघितली. सगळे दगड आपल्याकडच्यासारखेच दिसतात. पुस्तक उशाखाली ठेवलं आहे. मानेला बरं वाटतं.

१४ नोव्हेंबर, सोमवार

पाच दगड जमले. एक विहिरीच्या थारोळ्याचा, मोटेचं पाणी पडतं तिथला. एक शेजारच्या गजराबाईचा पाय धुवायचा, तिला न विचारता. एक इद्रिस टांगेवाल्याने दिला. टांगा उभा असताना चाकामागे लावायचा त्याचा दगड होता तो. मोठा दिलदार माणूस. दुपारी त्याचा टांगा आपोआप नदीच्या उतारावर निघाला म्हणे. घोडा शहाणा, बाभळीला अडून थांबला. इद्रिस मला शोधत आला होता. मी घरात नव्हतो. म्हणजे होतो, पण माळ्यावर होतो.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

बारा पुरे! शेवटचा शाळेच्या फाटकाचा. फाटक आता लागत नाही, पण विद्येच्या कामाला विद्येचाच दगड गेला.

टिपण लिहायला घेतलं. नंबर तीन : स्वभावाने थंड, पाणी पितो. नंबर सहा : रागीट, माझ्या पायावर पडला. नंबर नऊ : वय फार असावं, तोंडावरून वाटतं. भाषा ओघवती होते आहे. प्रोफेसरला गिरधरचा संशय येईल की काय, एवढी एक काळजी.

१९ नोव्हेंबर, शनिवार

नंबर घालायचं काम. शाई काळ्या दगडावर दिसत नाही. खडू पुसला जातो. चुना लावला, तो वाळून पडला. तेवढ्यात म्हातारी मारुतीला तेल-शेंदूर घेऊन निघाली होती. वाटीत उरलेला मागून घेतला. शेंदराचा गोल ठिपका, तो वाळला की वर शाईने नंबर. फार सुरेख बसतो. पुण्याच्या प्रोफेसरांनाही ही युक्ती सुचली नसेल. बारा दगड निंबाखालच्या ओट्यावर ओळीने वाळत ठेवले. उद्या नंबर.

२० नोव्हेंबर, रविवार

नंबर घातले नाहीत.

सकाळी ओट्यावर जातो तर नंबर चारच्या पुढे फुटलेलं नारळ. नंबर सातवर हळदकुंकू. उदबत्ती विझत आलेली. गजराबाई हात जोडून उभी. म्हणाली, आबा, तुम्हले सपन पडनं व्हतं का हो? मी म्हणालो, स्वप्न नाही बाई, हे कॉलेजचं काम आहे.

नीट समजावून सांगितलं. तिला पटलं. पायाही पडली.

२१ नोव्हेंबर, सोमवार

पटलं नव्हतं. गजराबाई गावभर सांगते आहे की पुण्याहून कॉलेजबाबा नावाचा देव आला, लोटन आबाच्या निंबाखाली बसला. तिची म्हैस आठ दिवस लाथा झाडत होती, तिने काल नंबर चारला नारळ फोडलं आणि म्हैस पान्हावली. नंबर चार हा तिचाच पाय धुवायचा दगड. ओळख न पटल्याबद्दल मी परमेश्वराचा आभारी आहे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

आता गडबड करून उपयोग नाही. युक्तीने घ्यायला हवं. रोज एक दगड हळूच उचलायचा, कोणाच्या लक्षात येणार नाही. आज नंबर पाच उचलून धोतरात धरला. गजराबाई पाठीमागेच. म्हणाली, देवले कोठे लई चालनात? मी म्हणालो, आंघोळ घालायला. मग घालावी लागली. तिने तांब्या धरला, आणखी चार बायका आल्या, आरती झाली. मला पाठ नाही, मी नुसतं तोंड हलवलं.

सुकलाल लांबून बघत होता. मग बैल सोडायला गेला.

२६ नोव्हेंबर, शनिवार

शनिवार. बारांनाही नवा शेंदूर लागला. नंबरांची जागाच राहिली नाही. कोणता तीन, कोणता नऊ, मलाही कळेना. टिपणात स्वभाव लिहिलेले आहेत, त्यावरून ओळखता येतील.

लोक घरून दगड आणून ओट्यावर ठेवू लागले आहेत. कोणी जात्याची पाळी, कोणी पाटा. लांबचे लोक नवसाला येतात, त्यांना अंगारा मीच द्यायचा. मी द्यायला नकार दिला. एक म्हातारा म्हणाला, भगत कोपना. मग सगळेच माझ्या पाया पडू लागले. तेव्हा दिला. न देण्यापेक्षा देणं लवकर उरकतं.

१ डिसेंबर, गुरुवार

सुकलाल आज बोलला. म्हणाला, बाबा, पोऱ्यानं काम तुम्ही लिधं, आनि दुकान देवनं मांडं. नाताळले गिरधर येई, दगडं नसनात ते मी तेले परत धाडाव नही. एवढंच बोलून कपाशीत गेला.

मी गुरांमागे गेलो तेव्हा नऊ वर्षांचा होतो. पाटी आईने कणगीवर ठेवली होती, परत जाशील तेव्हा घे म्हणून. आज उगाच आठवलं.

दगड न्यायचेच. निश्चय.

३ डिसेंबर, शनिवार

इद्रिसला गाठलं. म्हणालो, गुपचूप दगड टांग्यात घाल, गिरधर येईपर्यंत तुझ्या तबेल्यात ठेव. तो खूप हसला. म्हणाला, आबा, पहले पत्थर था तो चक्के के नीचे डालता था. अब इसको टांगे में बिठाऊँ तो आधा गाँव पालखी समझ के पीछे चलेगा. मी म्हणालो, तुझाच दगड आहे ना? म्हणाला, मेरा था. अब तो मैं खुद गाँव से दूसरा पत्थर ढूँढता हूँ, मिलता नहीं.

५ डिसेंबर, सोमवार

उपाय सापडला. परवा दत्तजयंती. सारंगखेड्याची घोड्यांची जत्रा. गाव रिकामं होणार. मी गुडघा धरून घरी राहणार. दगड पोत्यात, पोतं कडब्याच्या गंजीत. लोकांना सांगायचं, देव आले तसे गेले. कोणाला दुखावणं नाही, काही नाही. इतकी सोपी गोष्ट आधी सुचली नाही, कारण मन शास्त्रात गुंतलं होतं.

७ डिसेंबर, बुधवार, दत्तजयंती

गाव रिकामं झालं. पोतं काढलं.

जत्रेला जाणारी पलीकडच्या गावांची वाट आमच्या निंबावरूनच जाते, हे विसरलो होतो. गाड्या थांबल्या. घोडेवाले थांबले. एकाने नवीन घोडी कॉलेजबाबाच्या पाया घातली. घोडीने माझा खांदा चावला. लोक म्हणाले, शुभ आहे. माझ्या हातात रिकामं पोतं बघून त्यांनी त्यात धान्य टाकायला सुरुवात केली. दिवसभर हललो नाही. पाणी प्यायलाही कोणी उठू देईना, भगत उठला तर देव उठतो म्हणे.

संध्याकाळी म्हातारी जत्रेतून आली. भरलेलं पोतं बघितलं, मला बघितलं. म्हणाली, गुडघा बरा शे का आते?

१६ डिसेंबर, शुक्रवार

दगड उचलायला आता जंतर नाही, मंतर नाही. टिपण पुरं केलं. चाळीस पानं. दगड नसले तरी अक्षर आहे.

२३ डिसेंबर, शुक्रवार

गिरधर आला. बॅग न ठेवता ओट्यावर गेला. मी मागोमाग. बायका निवद दाखवत होत्या. तो हात जोडून वाकला आणि वाकल्या वाकल्या एकेक दगड जवळून बघितला. शेंदूर नसलेल्या बाजूला नख घासलं. हळूच म्हणाला, आबा, हे बाराही, आणि मागाहून आलेलेही, एकच आहेत.

मी म्हणालो, नीट बघ.

म्हणाला, नीटच बघितलं. सगळे काळे पाषाण. कोणी गाडीतून डोंगराकडून आणून टाकलेले. नेता आले असते तरी एकच नंबर झाला असता.

म्हणजे इतके दिवस मी एकाच दगडाचे बारा स्वभाव लिहीत होतो. तरी मला वाटतं नंबर सहा वेगळा आहे. पायाने ओळखला आहे मी त्याला.

गिरधर रागावला नाही. रागावला असता तर बरं. विहिरीच्या काठावर जाऊन बसला. मी ओट्यावर. आम्ही दोघेही जेवलो नाही.

२५ डिसेंबर, रविवार

आज गिरधर विहिरीत उतरला. कमरेला दोर. दोर कोणी धरला? सुकलालने. मी ओट्यावरून बघत होतो, मला उठता येत नव्हतं, नवसाची माणसं होती. गिरधरने वरची काळी माती, मधली पिवळी, खालची वाळू, हातहाताने मोजून वेगवेगळ्या मिरचीच्या पिशव्यांत भरली. सुकलाल वरून विचारत होता, तठे काय शे रे? गिरधर आतून ओरडत होता, बापू, आठे एकदाव नदी व्हती! सुकलाल वाकून वाकून बघत होता. इतका वाकला की मला भीती वाटली.

२७ डिसेंबर, मंगळवार

गिरधर लिहितो आहे. विषय : आमच्या गावी दगड का नाहीत. मी म्हणालो, हे मी तीन नोव्हेंबरलाच लिहून ठेवलं आहे. तो हसला. म्हणाला, खरंच आबा, तुम्ही हे तेव्हाच ओळखलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की मी तेव्हा रागावलो होतो, ओळखलं नव्हतं. पण त्याला सांगितलं नाही.

दुपारी जेवताना त्याची नजर लोणच्याच्या बरणीवर गेली. ताट सोडून उठला. बरणीवरचा दगड उन्हात धरला. आत पांढरे-तांबडे पट्टे, काचेसारखे. म्हणाला, आजी, हाऊ कोठला शे? म्हातारी म्हणाली, मन्हा बापनी तापीमा उचलना व्हता, मी सासरी येऊ तवय दिन्हा. गिरधर म्हणाला, गावातला हा एकच वेगळा दगड, आणि तोसुद्धा नदीने लांबून आणलेला. म्हातारीने पदराने पुसून त्याच्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. बघायला हवं होतं असं नाही.

१ जानेवारी १९३९, रविवार

गिरधर गेला. ट्रंक सुकलालने उचलून टांग्यात ठेवली. म्हणाला, परीक्षा दे. पास व्हयना ते पुढला वरीसबी पुन्याले जाय. मी माझी चाळीस पानं गिरधरला दिली. त्याने दोन्ही हातांनी घेतली, गाडीत वाचतो म्हणाला. टांगा वळल्यावर घरात आलो. पानं अंथरुणाच्या घडीत नीट ठेवलेली सापडली. गडबडीत राहिली असणार.

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

गिरधरचं कार्ड आलं. प्रोफेसरांना टिपण आवडलं, परीक्षेला बसतो आहे. सुकलालने कार्ड दोनदा वाचायला लावलं, मग टोपीत ठेवलं.

शांतपणे विचार केला तर हे माझ्यामुळेच झालं. मी चुकीचे दगड आणले नसते तर गिरधर विहिरीत उतरलाच नसता. उद्या गावाला सगळं खरं सांगून टाकायचं. उद्या रविवार, लोक घरी असतात. आज शनिवार, शेंदूर लावायचा आहे.

म्हातारीने लाल मिरचीचं नवं लोणचं घातलं आहे. झाकणावर ठेवायला दगड मागितला. घरात नाही. गावात शोधला, गावातला एकूण एक दगड आमच्या ओट्यावर आहे, आणि त्यातल्या एकालाही हात लावता येत नाही. मांजर सकाळपासून दारात बसली आहे. म्हातारी म्हणाली, मंग तुम्ही हात ठेवी बसा.

डावा हात बरणीवर आहे. उजव्याने लिहितो आहे. बाहेर गजराबाई हाका मारते आहे, भगतबाबा, आरतीले या. सांगितलं, उठता येत नाही.