खर्ड्याचे मुके नर

१८ सप्टेंबर

फसवलं भीमराजनं! खर्ड्याच्या किल्ल्यामागच्या झुडपांतून शिकारी नाकतोडे धरून आणले, स्वतः एसटीनं श्रीरामपूरला पोचवले. तीन नर. देखणे, हिरवेगार, पायांवर काटे. आणि एकही गात नाही! दिवेलागणीला पंख नुसते थरथरवतात.

माझे नर यंदा कात टाकताना गेले. दोन माद्या उरल्यात. ह्यांच्याशी जोडी लागली नाही तर चार वर्षं सांभाळलेला वंश ह्याच पावसाळ्यात संपला. मादी येते ती गाण्यावर. न गाणारा नर म्हणजे तिचं जेवण.

१९ सप्टेंबर

भीमराजला फोन केला. मुका माल गळ्यात मारलास, म्हणालो.

“काय बोलता काका! गाडीत मानसं वैतागली हुती आवाजानं. कंडक्टर म्हनला, बरन्या खाली उतरवा.”

थापा! पुढचं काही ऐकलंच नाही. ठेवून दिला फोन.

२१ सप्टेंबर

सापडलं कारण — मरियानं स्वयंपाकघरात डासांची अगरबत्ती लावली होती. धुरानं बसले असणार नर! पेटती अगरबत्ती नळाखाली धरली.

“अहो, वरडत्यात की ते! दिवा लागला की सुरू. अजून किती वरडायचं त्यांनी?”

चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी खोटं बोलली नव्हती. आता किड्यांपायी बोलते! वर टीव्हीसुद्धा मुद्दाम बारीक ठेवते. संध्याकाळी एक नर सुरू झाला की दुसरा उत्तर देतो — तेवढं ऐकायला तर मी ही बिऱ्हाडं सांभाळतो. तिला ते कधी कळलंच नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

चर्चमधला नवा पाळक पुटपुटतो. माईक असून एक शब्द धड कळेना. बाहेर पडताना तोंडावर सांगितलं, सगळ्यांसमोर. मरिया घरापर्यंत चार पावलं पुढंच चालली. चालू दे! साखर कारखान्यात टर्बाइनपाशी उभा जन्म गेला, पण डोकं इतकं कधी तापलं नाही.

२४ सप्टेंबर

रातकिडे धरून धरून घालतोय. खाताहेत मजेत. फुकटे!

२५ सप्टेंबर

बस्स झालं. संध्याकाळी त्यातला सगळ्यांत मोठा नर उचलला आणि थोरल्या मादीच्या पिंजऱ्यात सोडला. गात नाहीस ना? मग हो तिचं जेवण! निदान तिचं पोट भरेल.

खुर्ची ओढून समोर बसलो. त्यानं पंख उचलले, थरथरवले. तेच नाटक. ती वळली, मिशा हलवत हळूहळू त्याच्याकडे निघाली. देखणा होता हो. बघवेना. पिंजऱ्यावर फडकं टाकून उठलो.

२६ सप्टेंबर

सकाळी फडकं काढलं. नर जिवंत! मादीच्या शेपटीखाली पांढरा चिकट गोळा — जोडी लागल्याची खूण. म्हणजे हा गायला. त्याशिवाय तिनं ठेवलाच नसता.

मरियाला विचारलं, “काल संध्याकाळी हा ओरडत होता?”

“तुमी समोर बसला हुता तवा? लई! मी कानात बोळे घातले.”

वहीत मागं जाऊन ‘मुका माल’ खोडलं आणि तिला विचारलं, कानाचा डॉक्टर कुठं बसतो.