तुमचा तो पितळेचा पत्रा

चि. भाऊजी यांस,

वहिनीचे आशीर्वाद. (लिहायची रीत आहे म्हणून लिहिले. तुमचं ते पार्सल घरात आल्यापासून ते आतून येत नाहीत.) तुमची पाठ आता कशी आहे? जाऊबाईंचा चष्मा बदलून झाला का? आम्ही दोघं ठीक आहोत, म्हणजे दोन वेळा जेवतो आणि जेवताना एकमेकांकडे बघत नाही. आता मुद्द्याचं. तुमच्या त्या छोटी विमानं जोडणाऱ्यांच्या मंडळाच्या प्रदर्शनात तुमचे दादा चारचौघांसमोर बसून पितळेचे बारीक भाग वाकवून दाखवणार, असं तुम्ही फोनवर परस्पर ठरवून टाकलंत आणि त्यांनीही छाती फुगवून हो म्हटलं. ते रद्द करा. लोकांना काय कारण सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला विचाराल तर कारणांना तोटा नाही.

मुळात तुमच्या दादांचं काय वाईट चाललं होतं? जन्मभर ड्राफ्ट्समन म्हणून लिफ्टचे नकाशे काढलेला माणूस, निवृत्तीनंतर रिकामं बसवत नाही, म्हणून प्लॅस्टिकची विमानं जोडत होते, रंगवत होते, कपाटावर ठेवत होते आणि मी त्यांच्यावरची धूळ पुसत होते. त्यात तुम्ही ‘छोटीशी गंमत’ म्हणून ते पाकीट पाठवलंत. आत पोस्टकार्डापेक्षा लहान पितळेचा पत्रा, आणि त्यात रसायनाने कोरलेले वैमानिकाच्या बसायच्या जागेतले भाग. कळा, पट्टे, पट्ट्यांची बक्कलं, पायाखालची पेडलं. बक्कल केवढं, तर शेजारी मोहरी ठेवली तर मोहरी भोपळा वाटावी. बरं, हेच भाग प्लॅस्टिकचे किटमध्ये होतेच. ते तासून टाकायचे आणि त्यांच्या जागी हे पितळेचे बसवायचे, असं सोबतच्या कागदावर लिहिलंय. चांगली उभी भिंत पाडून तिथे तीच भिंत बांधायची, याला तुमच्या मंडळात छंद म्हणतात. आमच्याकडे याला दुसरा शब्द आहे, पण तुम्ही धाकटे दीर, म्हणून लिहीत नाही.

हे भाग पत्र्याला केसाएवढ्या दांडीने धरलेले असतात. दांडी ब्लेडने तोडली की भाग उडतो. पहिलं पेडल उडालं तेव्हा ‘हलू नकोस’ असं फर्मान निघालं आणि मी हातात पातेलं घेऊन एका पायावर उभी. मग आम्ही दोघंही जमिनीवर. (माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. खाली जाता येतं, वर यायला खुर्ची लागते.) मग व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर माझा नवाकोरा नायलॉनचा पायमोजा ताणून बांधला, म्हणजे भाग आत न जाता मोज्यावर अडकतो. ही अक्कलही तुमचीच, फोनवरून आलेली. मोज्यावर माझ्या कानातल्याची फिरकी मिळाली, जी मी गेल्या वर्षापासून शोधत होते. पेडल नाही. शेजारच्या बाई साखर मागायला आल्या तर तुमच्या दादांनी त्यांना उंबऱ्यातच थांबवून चपलांचे तळ दाखवायला लावले. त्या आता साखर दुसरीकडून नेतात. पेडल शेवटी माझ्याच कोपराला चिकटलेलं निघालं, म्हणजे ते मिरवत मी बाजार आणि दवाखाना दोन्ही करून आले होते.

मग घड्या. भागावर एक रेघ कोरलेली असते, ती आतल्या बाजूला ठेवून एकदाच वाकवायचं. चुकलं म्हणून उलट वाकवलं की तुटलंच. चिमटा माझ्या हातात कसा आला, ते मध्येच विचारू नका. आला. तुमचे दादा शेजारी बसून सूचना सोडत होते. हळू कर म्हणायचे, हळू केलं की थांबलीस का म्हणायचे. लिफ्टच्या कंपनीत त्यांच्या हाताखाली माणूस का टिकत नसे, ते मला आत्ता या वयात कळलं. त्यात पट्टे ताठ राहतात म्हणून ते गॅसवर तापवून मऊ करायचे. पहिला पट्टा ज्योतीत वितळून दिसेनासा झाला आणि पलीकडच्या शेगडीवरचं दूध उतू गेलं. दोन्हींची बोलणी मीच खाल्ली. तरी बसवलं, भाऊजी. सगळं बसवलं. आणि तुमचे दादा काय करतात, तर त्याचा फोटो काढून तुम्हाला पाठवतात आणि खाली लिहितात, जमलं रे. कुणाला जमलं, ते नाही. तुम्ही तो फोटो मंडळभर फिरवलात, लोकांनी वाहवा केली आणि त्यातून हे प्रात्यक्षिकाचं झेंगट निघालं. त्या फोनच्या वेळी मी शेजारीच होते, मूग गिळून.

आता कळस ऐका. राहिलं होतं फक्त वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेसारखं झाकण. मी चिमटा घेतला तर म्हणाले, “एवढं तरी मला करू दे.” मी बाजूला झाले. पारदर्शक भागाजवळ इन्स्टंट ग्लू न्यायचा नाही, त्याच्या वाफेने भाग आतून पांढरा पडतो, तिथे साधा पांढरा गोंद लावायचा आणि धरेपर्यंत झाकण बोटांनी दाबून बसायचं, हे मला तुमच्या दादांनी शिकवलं. तुम्हालाही त्यांनीच. आणि त्यांनीच इन्स्टंट ग्लू लावला. सकाळी बघते तर झाकण पांढरंफटक. खालची बक्कलं नाहीत, कळा नाहीत, पेडलं नाहीत. माझे डोळे, माझे गुडघे, माझा पायमोजा, सगळं त्याखाली गडप. मी जे बोलले ते कागदावर घालण्यासारखं नाही. ते उलट खाली मान घालून चिमटा पुसत बसले, त्याचा मला जास्त संताप आला. तेव्हा कुठे कुठला गोंद लावावा हे ज्याला कळत नाही, अशा माणसाला लोकांसमोर बसवू नका. रद्द झाल्याचं लगेच कळवा.

जाऊबाईंना आठवण सांगा. त्यांच्यावर माझा राग नाही.

तुमची
वहिनी

ता. क. तुमच्या दादांना गोंदातलं सगळं कळतं. पांढरा गोंद धरेपर्यंत झाकण न हलवता दाबून बसावं लागतं, आणि त्यांचा उजवा हात आता थरथरतो. डॉक्टरांना दाखवलंय. औषधाने कमी होईल, जाणार नाही, असं म्हणाले. तुम्हाला कळवायचं नाही, अशी मला ताकीद आहे. इन्स्टंट ग्लू टेकवला की धरतो, म्हणून त्यांनी तो लावला. हे माझं ओरडून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. तो हात मंडळातल्या लोकांनी बघावा, हे मला सहन होणार नाही. म्हणून रद्द करा, आणि खोटं तुमच्या पदरचं सांगा. हॉल मिळाला नाही म्हणा. दर रविवारी फोन करून ‘दादा, कुठवर आलं’ विचारणंही थांबवा. डॉक्टरांवर रागावता येत नाही, भाऊजी, म्हणून तुमच्यावर रागावले.

ता. क. आणखी एक. मी पाकीट शोधायला उठले आणि तेवढ्यात त्यांनी पत्र वाचलं, वरपासून खालपर्यंत. आता घर डोक्यावर घेतील म्हणून मी कंबर कसून उभी होते. तर पट्टा वितळला नव्हता, जळाला होता, एवढीच दुरुस्ती त्यांनी सांगितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “त्याला लिही, रद्द करू नकोस. मी सांगेन, तू वाकवशील. दोन खुर्च्या लागतील म्हणावं.” मला न विचारता परस्पर ठरवायची खोड तुम्हा दोघा भावांची एकच आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. टेबलावरचा दिवा उजव्या बाजूला ठेवा, मी डावरी आहे.