टेप न लावता कापलेला कोट

प्रिय बोकोबा,

पार्सल आधी फोडलं असशील आणि पत्र बाजूला ठेवलं असशील, हे मला ठाऊक आहे. कोट अजून अंगात घालू नकोस. खुर्चीच्या पाठीवर टाक आणि आधी हे वाच. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. जरा गंभीर विषय निघाला की तुला दाराची बेल ऐकू येते.

आधी घरची खबरबात. तुझे भावोजी ठीक आहेत, म्हणजे जाड झाले आहेत. पोटाच्या ऑपरेशननंतर माझं जेवण वाटीभर झालं, पण त्यांचा स्वयंपाकाचा हात काही आखडला नाही. टाकवत नाही म्हणून माझ्या वाटचं तेच खातात आणि वर मलाच ऐकवतात, की घरातलं वजन घरातच राहिलं. मी चमच्याचमच्याने खाते. घाई केली की पोट लगेच कान धरतं. रोजच्या गोळ्या आता जन्माच्या सोबती. मध्यंतरी केस इतके गळले, की आपली चिमणी म्हणाली, ताई, झाडू मारताना हल्ली चिंध्या कमी आणि तुमचे केस जास्त निघतात. चिमणी आठवते ना, दुकानात मशीनवर बसणारी, किरकोळ अंगाची, जिचं तोंड मशीनपेक्षा जास्त चालतं? ती अजून तशीच आहे. केसही आता परत आले.

लोकांना वाटतं, मी हे सगळं बारीक दिसायला केलं. गिऱ्हाइकं कौतुक करतात, मी हसून टेप गळ्यात टाकते आणि विषय बदलते. खरं कारण तुझ्या भावोजींना माहीत होतं आणि चिमणीला. आता तुला सांगते.

ऑपरेशनच्या आधीची गोष्ट. निवृत्त होणाऱ्या एका पोस्टमास्तरांचा कोट होता, रेघांच्या कापडाचा. रेघा जुळवायच्या तर कापड दुमडून चालत नाही, एकेरी पसरून कापावं लागतं. एक बाही कापली की कागदी खाका उलटा ठेवायचा आणि मग दुसरी कापायची. आईने मला हे शिकवलं तेव्हा तू टेबलाखाली बसून रिळं पळवत होतास. इतकी वर्षं हात आपोआप खाका उलटत आला. त्या दिवशी उलटलाच नाही. चिमणीने बाह्या जोडायला घेतल्या आणि गप्प झाली. ती गप्प झाली की समजावं, काहीतरी भयंकर आहे. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या. अख्खा बाजार पालथा घालून आम्ही तसलंच कापड मिळवलं. आणि पुढे थोड्याच दिवसांत एका वकिलाच्या कोटाला मी पुन्हा तेच केलं.

चूक कुणाच्याही हातून होते, असं तू म्हणशील. पण मला आईचा तो शर्ट आठवला. दोन्ही बाजूंना काजं करून ठेवली होती तिने, आणि बटणं लावायला जागा कुठे गेली म्हणून शोधत बसली होती. आपण दोघं पोट धरून हसलो होतो. तीही हसली. त्यानंतर तिच्या डोक्यातून आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग आपली, आणि शेवटी शेवटी ती मलाच दारात विचारायची, बाई, माप द्यायला आलात का? ती गेल्यावर तू आणि मी त्या दिवसांबद्दल कधी बोललोच नाही. दुसऱ्या खेपेच्या दोन डाव्या बाह्या हातात घेऊन मी टेबलापाशी उभी होते आणि त्या कोटाचं मला काहीच वाटत नव्हतं. एवढंच वाटत होतं, की माझा तो शर्ट आज आला.

कात्री मी त्याच दिवशी खाली ठेवली. तेव्हापासून कापायचं काम चिमणी बघते आणि मी काजं-बटणं करते. काजं एकाच बाजूला आहेत ना, ते रोज तपासून.

गुडघे, साखर आणि झोपेत अडकणारा श्वास, यांसाठी मी ज्या सर्जनबाईंकडे जात होते, त्यांना हे सांगितलं. आपल्यापेक्षा कितीतरी लहान आहेत, पण बोलताना नजर चुकवत नाहीत. म्हणाल्या, वजन फार वाढलं की नुसते गुडघेच दमत नाहीत. रक्तदाब, साखर, अंगात आतल्या आत धुमसणारी सूज, यांनी बारीक रक्तवाहिन्या ताठरतात आणि मेंदूला रक्त कमी पोचू शकतं. मग लक्ष टिकत नाही, विचार मंदावतो. आईचा आजार मला आहेच असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि नाहीच असंही म्हणाल्या नाहीत. पोट लहान करायचं ऑपरेशन झालेल्या काही जणांच्या मेंदूतला रक्ताचा ओघ नंतर सुधारलेला दिसतो, सगळ्यांचा नाही. आणि ओघ सुधारला म्हणजे गेलेलं सगळं परत येतं, असं वचन कुणी दिलं तर त्याच्याकडे जाऊ नका, असंही बजावलं. मला त्यांचं ते वचन न देणंच आवडलं. आपणही कापड हातात घेतल्याशिवाय कोट कसा पडेल ते सांगत नाही.

त्यांच्याकडे अशा पेशंटांच्या मेंदूच्या तपासण्या चालू होत्या. एक ऑपरेशनच्या आधी, एक वजन उतरल्यावर. मी दोन्ही करून घेतल्या. तपासणीच्या त्या नळकांड्यात आवाज अगदी आपल्या जुन्या इंटरलॉक मशीनचा. पहिल्या वेळी मला चक्क डुलकी लागली आणि तिथल्या माणसाची बोलणी खावी लागली. दुसरी तपासणी परवा परवा झाली. बाईंनी दोन्ही चित्रं शेजारी लावली. पहिल्यात निळा रंग जास्त, दुसऱ्यात बऱ्याच ठिकाणी पिवळा-नारिंगी. ओघ वाढलाय, म्हणाल्या. मी विचारलं, मग कात्री धरू का? तर म्हणाल्या, ते हे चित्र नाही सांगू शकत, तुमचं टेबलच सांगेल.

म्हणून हा कोट. लिहिलेल्या मापावर कुणीही कापेल. आई गिऱ्हाईक दारातून येतानाच त्याला मनात कापून मोकळी व्हायची, आणि मलाही तीच सवय. तुझा एकही कोट मी टेप लावून कापलेला नाही. तुला शेवटचं पाहिलं ते माझ्या ऑपरेशननंतर, दवाखान्यात. जिना चढून धापा टाकत आलास, स्टुलावर बसलास, स्टूल कुरकुरलं, आणि तू विचारलंस, टाके कधी निघणार? मी पडल्या पडल्या तुझे खांदे, छाती, पोट नजरेने मोजून घेतलं. त्या आठवणीवर हा कोट कापला. मुद्दाम रेघांचं कापड घेतलं, एकेरी पसरलं, आणि खाका उलटला. चिमणीला शेजारी उभं केलं होतं आणि बोलायची बंदी घातली होती. तिचे हाल बघवत नव्हते. शेवटी तिने एक डावी, एक उजवी अशा बाह्या माझ्यापुढे धरल्या आणि मग जी बोलायला लागली, ती अजून थांबलेली नाही.

बाह्यांचं झालं. अंगाला बसतो का, ते फक्त तू सांगू शकतोस, आणि तिथेच मला तुझी धास्ती आहे. माझं मन राखायला तू बेधडक खोटं बोलशील. म्हणून एक केलंय. तुझ्या कोटांना मी दर वेळी शिवणीत आतून भरपूर माया सोडते, पुढेमागे उसवून ढिला करता यावा म्हणून. या वेळी सोडलेली नाही. तेव्हा तिकडच्या टेलरकडून गुपचूप ढिला करून आणायची सोय नाही. आता ऊठ, आरशासमोर उभा राहा, पोट आत न ओढता मधलं बटण लाव.

लागलं नाही, तर एकतर माझी नजर चुकली, नाहीतर तू त्यानंतर आणखी सुटलास. दोघांपैकी एकाला बाईंकडे जायलाच हवं, तर दोघंही जाऊ. आणि लागलं, तर माझी आठवण शाबूत आहे असं धरू आणि मी पुन्हा कात्री हातात घेईन. पण मग त्या दिवसाचं बाकीचंही मला नीट आठवतंय, हे तुला मानावं लागेल. टाके कधी निघणार, हे तू मला तीनदा विचारलंस, बोकोबा. तिन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं आणि तिन्ही वेळा तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवलीस. मी तेव्हा हसले, आईच्या शर्टावर आपण हसलो होतो तशीच. या वेळी हसून सोडणार नाही. बाईंकडे तुझी वेळ घेऊन ठेवली आहे, या महिन्याच्या शेवटच्या सोमवारची. कोट बसला तर घालून ये. नाही बसला तर हातावर टाकून ये.

वाट बघणारी, तुझीच
ताई